हे कंट्री म्हणायचं का? – अनुभव धागा

परवा चार घरची माणसं जेवायला होती. जेवणं आटोपल्यावर लेकीने स्पीकरवर अमेरिकन पॉप गायिका बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम लावला. पाचेक मिनिटांत एक मित्र म्हणाला, "हे कसलं कंट्री?" म्हणजे अमेरिकेतलं ते गावाकडच्या वळणाचं संगीत. तिथून जे पेटलं ते श्रीखंड कोमट झालं तरी विझेना.

खरं तर बाईने स्वतःच, अल्बम यायच्या आधी, मार्च २०२४ मध्ये लिहून टाकलं होतं की हा कंट्री अल्बम नाही, हा बियॉन्सेचा अल्बम आहे. तरी २ फेब्रुवारी २०२५ ला ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम तोच ठरला. आणि नाव पुकारायला स्टेजवर कोण, तर टेलर स्विफ्ट! आधी कंट्रीच गाणारी, पण २०१४ पासून जी कंट्रीवाल्यांच्या लेखी ‘गेली पॉपात’, ती. नाव ऐकून बियॉन्सेचा जो चेहरा झाला त्याची नक्कल आमच्याकडे अजून चालते. त्याआधी कंट्रीवाल्यांच्या स्वतःच्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांत याच अल्बमला २०२४ साली एकही नामांकन नव्हतं. एका घरात पाटावर, दुसऱ्या घरात उंबऱ्याबाहेर.

तर मंडळी, तुमचे अनुभव येऊ द्या. व्याख्या नकोत, लिंका तर नकोतच. कंट्री तुमच्या कानावर पहिल्यांदा कुठे पडलं, ‘हे त्यातलं नाही’ असं कधी वाटलं आणि मत कधी फिरलं, एवढंच. बियॉन्सेचंच असं नाही, कुणाचंही चालेल.

कॅसेटवाली

पहिला नंबर माझा. १९९९ मध्ये दादरला शनाया ट्वेनची ‘कम ऑन ओव्हर’ची कॅसेट घेतली होती. फीत गुंतायला लागली तरी पेन्सिल घालून गुंडाळायची आणि परत लावायची. सगळी गाणी तोंडपाठ. ही बाई कंट्री गाते वगैरे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या दृष्टीने ती पॉप.

२००२ मध्ये शिकायला अमेरिकेत आले. ओहायोच्या रूममेटकडे तीच सीडी होती. तिने लावली आणि मी चमकलेच. आवाज तोच, चाल तीच, शब्द तेच, पण मधूनमधून भलतंच कुणीतरी फिडल, म्हणजे गावरान ढंगाचं व्हायोलिन, वाजवतंय, मागे स्टील गिटार कण्हतेय. गाण्यांचा क्रमसुद्धा वेगळा! मी विचारलं, "हे कुणी रिमिक्स केलंय का?" ती म्हणाली, "रिमिक्स तुझ्याकडे आहे."

आणि खरंच होतं ते. १९९७ चा मूळ अल्बम अमेरिकेसाठी. बाहेरच्या देशांसाठी कंपनीने त्याच गाण्यांची दुसरी आवृत्ती काढली, त्यात फिडल आणि स्टील गिटार काढली किंवा मागे ढकलली, ड्रम आणि कीबोर्ड पुढे आणले. निर्माता होता तिचा तेव्हाचा नवरा मट लँग. एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडचे दणदणीत अल्बम करून आलेला माणूस, त्याला दोन्ही स्वयंपाक येत होते.

तेव्हापासून ‘कंट्री म्हणजे काय’ याचं उत्तर मला वजाबाकीने येतं. कंपनीने जे वजा केलं ते कंट्री. पण कबूल करते, मला आजही माझी कॅसेटच आवडते. सीडीतलं फिडल न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं वाटतं.

हवाईयन काका

वजाबाकी छान मांडलीस ताई, पण बाकी शून्य येते बघ.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो. मांडीवर आडवी घ्यायची आणि स्टीलचा बार तारांवरून सरकवायचा. लग्नात, गणपतीत, गॅदरिंगला हिंदी गाण्यांचे पीस वाजवायचे. लोकांना शब्दांशिवाय गाणं ओळखू आलं की वन्स मोअर. कंट्री हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता.

चार वर्षांपूर्वी मुलाकडे टेनेसीला गेलो तेव्हा त्याने कंट्रीच्या माहेरघरी, नॅशव्हिलला, बारनी भरलेल्या ब्रॉडवे रस्त्यावर नेलं. दुपारी तीन वाजता प्रत्येक दारातून वेगळं गाणं रस्त्यावर येतंय, कान किटले. रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डमध्ये जरा जुन्या वळणाचं चालू होतं. तिथे एक म्हातारा पेडल स्टील वाजवत होता. पायाखाली पॅडल, गुडघ्याला खटके, यंत्रच ते! पण हातातला बार सरकला आणि माझ्या अंगावर काटा आला. हा तर माझाच आवाज! विश्रांतीत त्याला सांगितलं की मी हवाईयन वाजवतो. तो म्हणाला, "मीही तेच वाजवतो, फक्त इथल्या लोकांना सांगत नाही."

आता बघा. स्टील गिटार हवाई बेटांवरून आली. बँजो या तंतुवाद्याचं मूळ आफ्रिकेत, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी तिकडच्या वाद्यांवरून ते इकडे घडवलं. फिडल युरोपातलं. यूडलिंग, म्हणजे गळ्याला झटके देत गाणं, आल्प्सच्या डोंगरातलं, ते जिमी रॉजर्स या जुन्या गायकाने कंट्रीत रुजवलं आणि त्याच्या रेकॉर्डींवरून आपल्या किशोरकुमारने उचललं म्हणतात. मग घरचं काय उरलं? टोपी?

राजमाचीवाला

काका, टोपी बेस्ट!

आमच्या पिढीला कंट्री म्हणजे एकच गाणं, जॉन डेन्व्हरचं ‘कंट्री रोड्स’. राजमाचीला शेकोटीभोवती गायलं नाही असा ट्रेक नसेल. वेस्ट व्हर्जिनिया नकाशात कुठे आहे हे दहापैकी एकालाही माहीत नसायचं, पण त्या ओळीला सगळे घसा फाडून. एकाला गिटारवर तीन कॉर्ड यायच्या, आणि ट्रेकच्या मानाने तेवढं भरपूर.

पुढे नोकरीत पेनसिल्व्हेनियाचा एक म्हातारा सहकारी भेटला. त्याला कौतुकाने सांगितलं की आम्ही लहानपणापासून कंट्री गातो. कोणतं, म्हणाला. मी सांगितल्यावर हसला आणि मग १९७५ ची गोष्ट सांगितली. सीएमएच्या सोहळ्यात वर्षाच्या सर्वात मोठ्या पुरस्काराचं नाव जाहीर करायला कंट्री गायक चार्ली रिच स्टेजवर आला. कार्ड वाचलं, खिशातून लायटर काढला आणि कार्डाला लावला. जळत्या कार्डावरचं नाव जॉन डेन्व्हरचं. रिच त्या दिवशी शुद्धीत किती होता यावर अजून वाद आहेत. पण त्या काळात कंट्रीवाले चिडलेलेच होते. आदल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला, म्हणजे ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पॉप गायिकेला गेला होता. गंमत म्हणजे काडी लावणारा रिच स्वतःही गुळगुळीत, शहरी वळणाचंच गायचा.

माझं मत? आमची शेकोटी चांगली होती. कुणाचं नाव जाळायला नव्हती.

ह्यूस्टनकर

थोडं सविस्तर लिहिते. इथे येऊन अठरा वर्षं झाली. दर मार्चमध्ये रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या खेळांची जत्रा, असतो, पोरांना शाळेतही त्या दिवसांत बूट-टोप्या घालून जायचं असतं. पण माझ्या डोक्यातला काउबॉय सिनेमातला, म्हणजे गोराच होता.

ऑफिसात एक कृष्णवर्णीय मैत्रीण आहे. तिचे आजोबा गुरं राखायचे, घोड्यावर बसूनच आयुष्य गेलं. २०१८ मध्ये ती आम्हाला एका ट्रेल राइडला घेऊन गेली. शेकडो माणसं घोड्यांवर, मागे ट्रेलर, त्यावर स्पीकर, धुरात मांस भाजतंय, आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या. सगळे कृष्णवर्णीय, सगळ्यांच्या डोक्यावर ती टोपी. माझा मुलगा मला हळूच म्हणाला, "आई, आपल्या पुस्तकात असे नव्हते." काय उत्तर देणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रात्री बियॉन्सेच्या या अल्बममधलं ‘टेक्सस होल्ड एम’ आलं. सुरुवातीलाच बँजो, आणि तो वाजवणारी रियानन गिडन्स. बँजोचं आफ्रिकी मूळ ती वर्षानुवर्षं जगाला सांगत आलीये. त्याच आठवड्यात ओक्लाहोमातल्या एका रेडिओ स्टेशनला श्रोत्याने हे गाणं लावायची विनंती केली, तर उत्तर आलं, आम्ही बियॉन्से लावत नाही, आम्ही कंट्री स्टेशन आहोत. आरडाओरडा झाल्यावर लावलं. पुढे तेच गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, त्या जागी पोचलेली बियॉन्से पहिली कृष्णवर्णीय स्त्री. २०१६ मध्ये तिचंच ‘डॅडी लेसन्स’ ग्रॅमीच्या कंट्री समितीने दारातून परत पाठवलं होतं.

मला वाटलं, मैत्रीण नाचेल. तिने ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पूर्ण अल्बम ऐकला, दोन दिवस जेवणाच्या सुटीत. लिंडा मार्टेलचा बोलण्याचा आवाज आला तिथे रडली. ही कृष्णवर्णीय बाई १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या कंट्री कार्यक्रमाच्या स्टेजवर गायली, एक अल्बम आला आणि मग ते जगच सुटलं तिचं. तिला इतक्या वर्षांनी कुणीतरी माइक दिला. आणि हे सगळं झाल्यावर मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "पण कंट्री नाही हं हे. आमच्या ट्रेल राइडला हे कोण लावणार? तिथे झायडेको लागतं." म्हणजे लुइझियानाच्या कृष्णवर्णीयांचं अकॉर्डियनवालं नाचाचं संगीत.

म्हणजे आधी तिच्यासाठी भांडायला निघालेले मी, ती स्वतःच विरोधात! तेव्हापासून मी या वादात दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. गाणं कोणत्या जातीचं, हा एक प्रश्न. दार कुणासाठी उघडतं, हा दुसरा. ओक्लाहोमावाल्याने गाणं ऐकून नकार दिला नव्हता, नाव वाचून दिला होता.

धागाकर्ती

ह्यूस्टनकर, शेवटचं वाक्य त्या मित्राला फॉरवर्ड केलं आहे. उत्तर नाही अजून.

मँडोलिनवाला

मी विरोधी पक्षात. व्हर्जिनियात राहतो, दर गुरुवारी एका चर्चच्या तळघरात ब्लूग्रास, म्हणजे बिनविजेच्या तंतुवाद्यांवरचं जुन्या वळणाचं कंट्री, एकत्र वाजवायला जातो. तिथे प्लग लावायला बंदी आहे, म्हणजे गिटारचा. कॉफीच्या मशीनला परवानगी आहे. गीतकार हार्लन हॉवर्ड म्हणून गेला, कंट्री म्हणजे तीन कॉर्ड आणि सत्य. पॉप अल्बममध्ये एक बँजो आणून बसवला की कंट्री होत नाही. मिसळीवर चीज टाकलं की पिझ्झा होतो का?

२०१९ मध्ये बिलबोर्डने लिल नास एक्स या रॅपरचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्री यादीतून काढलं. कारण दिलं, आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक यात नाहीत. मी टाळ्या वाजवल्या. मुलगा दोन दिवस बोलला नाही. ते गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं आणि माझ्या गाडीत त्याहून जास्त.

मग एकदा रोआनोकला जाताना मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं कंट्री स्टेशन लावा, घटक मोजू. तीन तास मोजले. यांत्रिक ड्रम, रॅपसारखं बोलणं, ट्रक, बिअर, परत ट्रक. फिडल एकदा, तेही जाहिरातीत. यांना यादीतून कोणी काढलं नाही. मी टाळ्या मागे घेतल्या.

मत मात्र बदललेलं नाही. दोन्ही नापास.

कॅसेटवाली

मँडोलिन दादा, ग्रेस मार्क तरी द्या!

आकडेबहाद्दर

घटकांवरून आठवलं. कंट्री गायिका केसी मसग्रेव्हजच्या ‘गोल्डन अवर’ अल्बममध्ये चक्क डिस्कोचा ठेका आहे, त्याला २०१९ मध्ये ग्रॅमीचा कंट्री अल्बम पुरस्कार. पुढच्या ‘स्टार-क्रॉस्ड’ला २०२१ मध्ये समिती म्हणाली, हा कंट्री नाही, पॉपमध्ये जा. पण त्याच अल्बममधलं एक गाणं कंट्री गाण्यांच्या नामांकनात! घर पॉप, देवघर कंट्री. २०२६ च्या सोहळ्यापासून ग्रॅमीने पंगतीच दोन केल्या, पारंपरिक वेगळी, समकालीन वेगळी. पारंपरिक पंगतीत कोण बसणार यावर आता नवीन भांडण. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वसईकर

उशिरा आलो. वसईत आमच्या घरी डिसेंबर लागला की जुना अमेरिकन गायक जिम रीव्ह्‌जची कॅसेट बाहेर यायची. एका बाजूला नाताळची गाणी, दुसऱ्या बाजूला बाकीची. पप्पांचं इंग्रजी बेताचं, पण हा माणूस माइकजवळ तोंड नेऊन इतका सावकाश गातो की शब्द न् शब्द कळतो. करंज्या तळताना आई, कंदिलाला कागद चिकटवताना आम्ही, सगळ्यांच्या मागे तोच मऊ आवाज. गल्लीत चार घरं सोडून कुणाच्या तरी खिडकीतूनही तोच.

अमेरिकेत आल्यावर वाचलं की त्याच्या काळात हाच वाद होता. नॅशव्हिलच्या चेट अ‍ॅटकिन्ससारख्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील बाजूला ठेवून व्हायोलिनचा ताफा आणि मागे कोरस आणला, शहरातल्या लोकांनी रेकॉर्डी घ्याव्यात म्हणून. या नव्या ‘नॅशव्हिल साउंड’चं रहस्य काय असं विचारलं की अ‍ॅटकिन्स खिशातली नाणी खुळखुळवून दाखवायचा म्हणे. म्हणजे आम्ही सोवळ्यात ऐकत होतो ते त्या वेळच्या कडक मंडळींना पॉपच वाटायचं.

हा धागा वाचून रविवारी पप्पांना फोन केला. विचारलं, जिम रीव्ह्‌ज कंट्री का पॉप?

"नाय रे," म्हणाले, "तो नाताळचा."