अनुभव लिहा: हवा खराब आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?

हवेचा निर्देशांक मोबाइलवर दिसतो, तरी बाहेर पडण्याआधी आपण खिडकीतून बघतोच. तुम्ही कशावर विसंबता? डोळे, नाक, घसा की आकडा? सल्ले नकोत, अनुभव लिहा.

पळपुटी: गॅलरीतून दूरचे टॉवर दिसले तरच मी पळायला जाते. थंडीत पहाटे ते हमखास गायब. तेव्हा रस्त्यावर गाड्याही नसतात, पण जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की धूर वर चढत नाही, खालीच कोंडतो. ऊन तापल्यावर मोकळा होतो. म्हणून हिवाळ्यात मी दुपारी पळते. ‘पहाटेची शुद्ध हवा’वाले हसतात, हसोत.

धुकट: आमच्याकडे रोजचा वाद, धुकं की धुरकं? तो मिटावा म्हणून भावाने घरगुती सेन्सर आणला. हे यंत्र लेझरच्या उजेडात कण मोजतं. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही ते कणच समजतं. वाद दुप्पट झाला.

चाकावर: दिवसभर गाडी चालवतो. धुराचा वास येतच नाही. सुट्टीवरून परतलो की पहिल्या दिवशी येतो, मग नाक पुन्हा सरावतं.

सईची आई: मुलीला दमा आहे. आमच्या घरात सगळ्यात आधी तिच्या छातीला कळतं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तिला उन्हाळ्यात, आकाश निळंशार असताना भर दुपारी त्रास होतो. डॉक्टरांनी ओझोनकडे बोट दाखवलं. वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आणि रंग-इंधनांच्या वाफा यांवर कडक ऊन पडलं की तो जमिनीलगत तयार होतो. दिसत काहीच नाही. त्यामुळे ‘एवढी छान हवा आहे, खेळू दे की तिला’ हे ऐकावं लागतं. धूळ उडाली की मात्र हीच मंडळी धडाधड खिडक्या लावतात. खरं तर डोळ्यांत जाणारी जाड धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते. फुप्फुसात खोल उतरतात ते पीएम २.५ नावाचे बारीक कण, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे. ते सुटे दिसणार कसे?

आकडेमोड्या: एक ॲप ‘मध्यम’ म्हणतं, दुसरं ‘अपायकारक’. हवा तीच, पण देशागणिक मोजपट्टी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१मध्ये पीएम २.५ची वार्षिक मर्यादा १०वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर केली. शिवाय हवा मोजणारं केंद्र बागेत आणि मी चौकात! मी आता एकच ॲप ठेवलंय. कालच्यापेक्षा आज वर की खाली, एवढंच बघतो.

तळमजला: आमच्या सोसायटीच्या बैठकीत प्रदूषण म्हणजे शेजारचं बांधकाम. तिथल्या मुकादमाच्या मते रस्त्यावरचे ट्रक. ट्रकवाला म्हणतो, कचरा जाळणारे. तिघांचंही थोडंथोडं खरं आहे. आमच्या डिझेल जनरेटरचा विषय बैठकीत निघाला नाही. त्याचं धुराडं माझ्या खिडकीखाली आहे.

पळपुटी: @तळमजला, पुढच्या बैठकीला विषयपत्रिकेत लेखी टाका, तोंडी काढलात तर चहावर विरतो.