भिंतीवरच्या चित्रांची छायाचित्रे : परवानगी कोणाची घ्यावी आणि नाव कोणाचे द्यावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो आणि गेली तीन वर्षे आसपासच्या गावांतील हाताने रंगवलेल्या भिंतींची छायाचित्रे काढत आहे. शहरांत ज्याला ग्राफिटी म्हणतात, तसे रात्री लपूनछपून कोणी इकडे रंगवत नाही. उलट घरधनी रंगाऱ्याला सावलीत बसवून चहा पाजतो. नदीपलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम असल्याने ग्रामगीतेच्या ओव्या गावोगाव दिसतात. त्यांच्याशिवाय हातात झाडू घेतलेले गाडगेबाबा, निळ्या कोटातले बाबासाहेब, कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती आणि लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपतीखाली लिहिलेली वधूवरांची नावे आहेत. ही नावे पुढच्या चुन्यापर्यंतच टिकतात. एका पडक्या दवाखान्याच्या भिंतीवर चुन्याचे पापुद्रे सुटून आतून कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण वर आलेला मी पाहिला. पुढच्या पावसाळ्यानंतर ती भिंतच उरली नव्हती.

आता अडचण सांगतो. गाडगेबाबांच्या एका चित्राचे माझे छायाचित्र एका संस्थेने दिनदर्शिकेत छापले. खाली माझे नाव आले, रंगाऱ्याचे आले नाही. यात संस्थेपेक्षा चूक माझी अधिक आहे, कारण बाबांचा चेहरा मोठा यावा म्हणून मी चौकट वर धरली होती आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातील सहीपैकी फक्त ‘र्ट्‌स’ एवढेच शिल्लक राहिले होते. पुढे ते रंगारी बाजाराच्या दिवशी भेटले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “भाऊ, फोटो तं चांगला काढला तुमी, पन माह्या नावाचं काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा वाचून काढला. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या पुतळ्याचे छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास कलम ५२ मोकळीक देते, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे भिंतीवरचे चित्र त्या सवलतीत बसत नाही. म्हणजे चौकातल्या पुतळ्याला एक न्याय आणि त्याच्या मागच्या भिंतीला दुसरा. शिवाय कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन चित्र काढून घेणारा त्याच्या प्रताधिकाराचा पहिला मालक ठरतो, तर चित्राचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ चित्रकाराकडेच ठेवते. मग पैसे ग्रामपंचायतीने दिले असतील, तर परवानगी पंचायतीची आणि नाव रंगाऱ्याचे, असा अर्थ मी लावला आहे. तो बरोबर आहे का, हे जाणकारांनी सांगावे. बरोबर असल्यास ग्रामसेवकांचे साधे पत्र पुरते की मासिक सभेचा ठराव घ्यावा लागतो?

सही नसलेल्या चित्रांचा प्रश्न अधिक अवघड वाटतो. जुनी माणसे अक्षराच्या वळणावरून ‘हा अमक्याचा हात’ असे खात्रीने सांगतात, पण अशा ऐकीव माहितीवर नाव छापावे का? काही सह्यांखाली भ्रमणध्वनी क्रमांक असतो. रंगाऱ्याने तो स्वतः कामासाठी लिहिलेला असला, तरी गावातील भिंतीवर असणे आणि महाजालावर कायमचे जाणे यांत मला फरक वाटतो. आपण असे क्रमांक झाकता की ठेवता?

एक तांत्रिक शंकाही आहे. न्यूयॉर्कच्या रंगवलेल्या आगगाड्यांची छायाचित्रे काढताना छायाचित्रकार हेन्री चॅल्फंट फलाटावर सरकत जाऊन एकमेकांवर चढणाऱ्या चौकटी टिपत आणि नंतर त्या जोडून अख्खा डबा उभा करीत. आमच्या आठ फुटी गल्लीत तीस फुटांची ओवी घेण्यासाठी मी तीच पद्धत वापरून पाहिली, परंतु आगगाडीचा डबा सपाट असतो आणि मातीच्या भिंतीचे पोट सुटलेले असते, त्यामुळे जोडावर अक्षरे तुटतात व वेलांट्या दुहेरी होतात. ऑइल पेंटची चकाकी भिंगावर लावायच्या पोलरायझर फिल्टरने बरीच कमी झाली, पण हे जोड काही साधत नाहीत. अशा फुगीर भिंतींवर कोणी काम केले असल्यास दोन चौकटींत किती भाग सामाईक ठेवावा आणि कॅमेरा भिंतीपासून किती अंतरावर धरावा, हे कृपया सांगावे. दिवाळीआधी बऱ्याच भिंतींना चुना लागेल, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास उपकार होतील.