मदत हवी आहे : गाडीच्या टपावरील तंबूचे वजन ४५ किलोच्या आत कसे आणावे?

घाटमाथा
गाडीच्या टपावर बसवण्यासाठी मी घडीचा तंबू तयार करीत आहे. सांगाडा उभा राहिला आहे, कापडही शिवून आले आहे, परंतु सगळे मिळून वजन ५८ किलो भरते आणि मला ते ४५ च्या आतच हवे आहे. थंडी पडताच भंडारदऱ्याला जायचे ठरले असल्यामुळे फार वेळ हाताशी नाही. तळाला १२ मिलिमीटरचे प्लायवुड आहे. ते काढून दुसरे काय घालावे? आणि टपावर चढवण्यापूर्वी चाचणी नेमकी कशी घ्यावी? तयार तंबू बाजारात मिळतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कृपया तो सल्ला देऊ नये.

निवांत पांथस्थ
तयार तंबू घ्या असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, टपावर झोपायचेच कशाला? जमिनीवरचा दोन माणसांचा चांगला तंबू तीन किलोत येतो. आम्ही इतकी वर्षे जमिनीवरच झोपतो आहोत आणि एकदाही विंचू चावलेला नाही.

रंधा-करवत
घाटमाथा, गाडी कोणती आहे? टपाला मूळचे रेलिंग आहे की नंतर बसवलेले? तंबू उघडतो कसा, पेटीसारखा वर की पुस्तकासारखा बाजूला? झोपणार किती जण? सांगाडा कशाचा आहे? यातले काहीच न सांगता ‘प्लायवुडऐवजी काय’ असे विचारले, तर उत्तर कोण आणि कशाच्या आधारावर देणार?

घाटमाथा
गाडीचे नाव मुद्दामच लिहिले नाही, कारण नाव लिहिले की ती गाडी घ्यायलाच नको होती अशी चर्चा सुरू होते. रेलिंग मूळचे आहे, त्यावर दोन क्रॉसबार (टपावरच्या आडव्या दांड्या) आहेत. टपावरील भाराची मर्यादा वाहनपुस्तिकेत ७५ किलो दिलेली आहे. तंबू पुस्तकासारखा उघडतो. अर्धा तळ बाजूला बाहेर येऊन शिडीवर टेकतो. उघडल्यावर तळाचे माप २.१ बाय १.२५ मीटर. आम्ही दोघे झोपणार. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा आहे, ते वेगळे सांगायला हवे असे वाटले नाही.

सरळमार्गी
टपाची मर्यादा ७५ किलो आणि तुम्ही दोघे मिळून दीडशे किलो. गणित इथेच संपते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, याचाही विचार व्हावा.

लोहारकी
सरळमार्गी, कायद्याचे कोणी विचारलेले नाही आणि गणितही चुकीच्या जागी संपवले आहे. पुस्तिकेतील आकडा धावत्या गाडीसाठी असतो. गाडी वळणावर झुकते, खड्ड्यात आदळते, करकचून ब्रेक लागतो, तेव्हा टपावरचे वजन रेलिंगला हिसके देते. मर्यादा त्या हिसक्यांची आहे. उभ्या गाडीचे छत खांबांवर तोललेले असते आणि ते याच्या कितीतरी पट भार घेते, म्हणूनच जगभर लोक टपावर झोपतात. मात्र उभ्या गाडीचा आकडा बहुतेक पुस्तिकांत दिलेला नसतो, तो कंपनीला लेखी विचारून घ्यावा. घाटमाथा, तुमच्या ७५ किलोत क्रॉसबारही धरलेले आहेत का, ते पुन्हा एकदा वाचून पाहा. काही गाड्यांचे रेलिंग निव्वळ शोभेचे असते. पुस्तिकेत भार दिला आहे, त्यामुळे तुमचे तसे नसावे.

रंधा-करवत
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २.१ बाय १.२५ मीटरचा तळ, घनता घनमीटरला सव्वासहाशे किलो धरली तरी १२ मिलिमीटरचे प्लायवुड एकटेच २० किलोच्या आसपास जाते. त्याऐवजी एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम) फोमचा ३० मिलिमीटरचा तक्ता घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना फायबर ग्लासचा मिलिमीटरभर जाडीचा थर चढवावा. वजन १२-१३ किलोत बसते आणि ताठपणा प्लायवुडपेक्षा चांगला मिळतो, कारण वाकण्याला विरोध दोन्ही बाहेरचे थर करतात. फोमचे काम त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे असते. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. बिजागऱ्या आणि बोल्ट येतात तिथला फोम आधीच कापून त्या जागी लाकडी ठोकळे बसवावेत, नाहीतर बोल्ट आवळताच तक्ता चेपतो. दुसरे म्हणजे रेझिन एपॉक्सीच हवे. स्वस्त पडते म्हणून पॉलिएस्टर रेझिन लावले, तर त्यातल्या स्टायरीनने एक्सपीएस तुमच्या डोळ्यांदेखत विरघळतो. आधी कडा खळग्यासारख्या आत जातात आणि मग थराखाली पोकळीच उरते.

घाटमाथा
हे उपयोगी आहे. पण तळात आठच किलो वाचले. उरलेल्या पाचांचे काय?

लोहारकी
ते सांगाड्यात आहेत. लोखंड काढा आणि ॲल्युमिनियम घ्या. त्याची घनता लोखंडाच्या एकतृतीयांश आहे. पण ताठपणाही एकतृतीयांशच असतो, म्हणून त्याच मापाचा पाइप घेतला तर तो तिप्पट वाकेल. सेक्शन उंचीला जास्त घ्या, रुंदीला नव्हे. भोसरीला कोणत्याही फॅब्रिकेटरकडे आर्गन वेल्डिंग करून मिळेल.

बोल्ट-नट
वेल्डिंगला माझा ठाम विरोध आहे. उष्णताप्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियम सेक्शनला वेल्डिंग केले की जोडाशेजारच्या पट्ट्याची ताकद निम्म्याच्या जवळ येते, आणि सांगाड्यावर सर्वाधिक ताण नेमका कोपऱ्यातच असतो. कोपऱ्यांना आतून अँगल देऊन रिव्हेट मारावेत.

लोहारकी
रिव्हेट खडखडतात. बसगाड्यांमधून प्रवास केलेल्या माणसाला मी हे समजावून सांगायला नको.

बोल्ट-नट
बसचे सांगाडे त्याच रिव्हेटांवर वर्षानुवर्षे धावतात, हेही त्या माणसाला ठाऊक असते.

दूरदेशी
लाइपझिगहून लिहीत आहे. पूर्व जर्मनीत १९७० च्या दशकात ट्राबांट या गाडीसाठी टपावरचा तंबू निघाला होता आणि काही जुन्या गाड्यांवर तो आजही मेळाव्यांत पाहायला मिळतो. त्या गाडीचे स्वतःचे वजन सहाशे किलोच्या आसपास आणि बाहेरचे भाग ड्युरोप्लास्ट या कडक प्लॅस्टिकचे. तरी आतल्या पोलादी सांगाड्याच्या जिवावर माणसे वर झोपत. भार बाहेरच्या आवरणावर न टाकता सांगाड्यावर टाकला की लहान गाडीही पुरते, एवढेच यातून घेण्यासारखे आहे.

रंधा-करवत
चाचणीचे राहून गेले. टपावर चढवण्याआधी जमिनीवर दोन लाकडी घोड्या क्रॉसबारच्याच अंतरावर ठेवून तळ त्यांवर उघडा आणि बाहेरची बाजू तुमच्याच शिडीवर टेकवा. वाळूची पोती झोपणाऱ्यांच्या वजनाच्या दीडपट, म्हणजे २२५ किलोपर्यंत, टप्प्याटप्प्याने चढवा. तळाखाली आडवी दोरी ताणून मध्यभागी किती झोल येतो ते प्रत्येक टप्प्यावर मोजा. रात्रभर भार ठेवून सकाळी उतरवल्यावर तळ मूळ जागी येतो की नाही, हे त्या झोलापेक्षा महत्त्वाचे आहे. शिडीच्या पायाखाली फळी ठेवायची सवय आत्तापासूनच लावून घ्या, कारण भंडारदऱ्याच्या ओल्या मातीत ती रात्रीतून रुतते आणि अर्धा तळ तिच्यावरच असतो.

बोल्ट-नट
धावत्या गाडीची चाचणी निराळी घ्यावी लागेल. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला ४८ किलोच्या घरात जातो. बंद तंबूची समोरची बाजू एकतृतीयांश चौरस मीटर धरली तर रेटा १६ किलोचा. करकचून ब्रेक लावल्यावर मात्र ४५ किलोचा तंबू ३५ किलोच्या जोराने पुढे ढकलला जातो, म्हणून पकडीची परीक्षा ब्रेकनेच होते. प्रत्येक नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) आवळून झाला की नट, बोल्ट आणि पट्टी यांवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढावी आणि खराब रस्त्यावरून चक्कर मारून यावे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

निवांत पांथस्थ
पाण्याची चाचणी वॉशिंग सेंटरवर नेऊन करावी. तिथल्या फवाऱ्यात टिकले ते ताम्हिणीच्या पावसातही टिकेल.

शिवणकाम
असे करू नये. त्या दाबाने चांगल्या शिवणीतूनही पाणी घुसते आणि कोटिंग सुटते ते वेगळेच. बागेतली नळी वर धरून अर्धा तास पाणी सोडावे आणि आत शिवणींखाली वर्तमानपत्र अंथरावे. डाग पडेल तिथे शिवण सील करावी. तसेच एक रात्र तंबू माणसांशिवाय उघडा ठेवून पाहावा. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास बाष्प निघते. ते सकाळी कापडाच्या आतून ओघळते आणि लोक त्याला गळती समजतात. समोरासमोर दोन झडपा आणि गादीखाली काथ्याची चटई असली की बराचसा त्रास संपतो. कापड कोणते घेतले आहे, हे घाटमाथा यांनी अजूनही सांगितलेले नाही.

घाटमाथा
कापड पॉलिएस्टर आहे, आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, ३००० मिलिमीटरचे, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब अडवणारे. फोमचा तळ आणि रिव्हेटचा ॲल्युमिनियम सांगाडा तयार झाला. एकूण वजन ४४ किलो. सांगितल्याप्रमाणे पोती चढवली. मध्यभागी १४ मिलिमीटर झोल आला आणि भार उतरवल्यावर २ मिलिमीटर तसाच राहिला. हे चालेल का?

रंधा-करवत
तेवढाच भार पुन्हा एकदा रात्रभर ठेवा. उतरवल्यावर आकडा २ वरच थांबला, तर रिव्हेट आपापल्या छिद्रांत बसले असे समजावे आणि पुढे जावे. तो ३ किंवा ४ झाला, तर थर फोमपासून सुटू लागला आहे. बोटाच्या पेराने सगळा तळ ठोकत जा, सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो.

लोहारकी
वेल्डिंग केले असते तर हा प्रश्नच आला नसता.

माळरान
उशिरा वाचले. लोखंडी सांगाडा आणि प्लायवुडचा जुना तळ विकणार असाल तर कळवावे. मला तो पिकअपच्या हौद्यावर बसवायचा आहे, तिथे वजनाची अडचण नाही.