अमळनेरचा पायी वारसामार्ग : व्हीलचेअर आणि पांढऱ्या काठीलाही जमेल असा कसा आखावा?

बोरीकाठ :
राम राम मंडळी. अमळनेरात स्टेशनपासून पायी वारसामार्ग आखायचं ठरतंय. थांबे साधारण असे : प्रताप हायस्कूल (साने गुरुजी इथं 1924 ते 1930 शिक्षक होते), 1916 चं तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप मिलचा परिसर, दगडी दरवाजा आणि शेवटी बोरी नदीच्या पात्रातली संत सखाराम महाराजांची समाधी. 2024 चं 97 वं साहित्य संमेलन इथंच झालं, त्यामुळे बाहेरच्या वाचकांना गाव ठाऊक आहे. येणाऱ्यांत वयस्कर लोक बरेच असणार. निधी थोडा आहे आणि पुढे आलेला प्रस्ताव पेव्हर ब्लॉक, कमान आणि रोषणाईचा आहे. सुरुवात कशानं करावी? फरशी कोणती? पायऱ्यांचं काय?

मोजपट्टी :
भाऊ, कमान आणि रोषणाई शेवटी ठेवा. आधी मार्ग मोजा. एक मीटरची लेव्हलपट्टी, टेप आणि एक रिकामी व्हीलचेअर एवढं पुरतं. पट्टी चालायच्या दिशेनं धरून बुडबुडा मधे येईपर्यंत पाणसळ (समतल) करा आणि उताराकडच्या टोकाखालची फट मोजा. 50 मिमीपर्यंत (1:20, म्हणजे 20 मीटरला 1 मीटर चढ) साधा रस्ता, 83 मिमीपर्यंत (1:12) रॅम्प, त्यापुढे व्हीलचेअर ढकलणं धोक्याचं. मग पट्टी आडवी धरा. फट 20 मिमीहून जास्त असेल तर खुर्ची सारखी गटारीकडे ओढली जाते. आडवा उतार कुणी तपासत नाही आणि लोक दमतात ते त्यामुळेच.

मोकळी रुंदी 1.8 मीटर धरा. विजेचा खांब किंवा ओटा पुढे आलेला असेल तिथं थोड्या अंतरापुरती 1.2 मीटर चालेल, त्याहून कमी नको. दुचाकी अडवायला खुंट रोवले, तर दोन खुंटांमधलं अंतरही 1.2 मीटर ठेवा, नाहीतर खुंट खुर्चीलाच अडवतात. मार्गातला सगळ्यात वाईट दोन मीटरचा तुकडा कोणता ते शोधा आणि पैसे आधी तिथं घाला. बाकीचा मार्ग कितीही गुळगुळीत केला तरी माणूस तिथूनच परत फिरतो.

फरशीबाबत : आपल्याकडे खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर नुसती वाळू पसरून बसवलेले पेव्हर दोन पावसाळ्यांत वरखाली होतात. काळी माती काढून मुरमाचे थर पाणी मारून दाबा, कडेला काँक्रीटची पक्की कड द्या, मगच ब्लॉक. अरुंद बोळात त्यापेक्षा झाडूनं खरखरीत केलेलं काँक्रीट बरं. पॉलिश कोटा फरशी टाळाच, ओला झाला की घसरतो. गटारीच्या जाळीच्या फटी 12 मिमीपेक्षा मोठ्या नकोत आणि पट्ट्या चालायच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या बसवल्या की खुर्चीचं पुढचं छोटं चाक फटीत अडकतं.

बोरीकाठ :
ही मोजणी पहिलं काम म्हणून लिहून घेतली. दगडी दरवाजापाशी आणि शाळेच्या पायऱ्यांशी रॅम्प घालता येईल का?

चुना-सुर्की :
हिशोब सोपा आहे. 150 मिमीच्या तीन पायऱ्या म्हणजे 450 मिमी चढ. 1:12 नं त्याला 5.4 मीटर लांबी लागते. वर आणि खाली 1.5 गुणिले 1.5 मीटरची सपाट जागा वेगळी, म्हणजे सगळं मिळून साडेआठ मीटरच्या आसपास. जागा नाही म्हणून 1:6 चा रॅम्प करायचा मोह होतो. असा रॅम्प उतरताना खुर्ची हातातून सुटते. त्यापेक्षा बाजूच्या दारानं प्रवेश द्या किंवा रॅम्पला मधे वळण द्या. दोन्ही बाजूंना कठडा, दोन उंचींवर : 760 आणि 900 मिमी. वैशाखात पारा 42 च्या वर गेला की उघडी स्टीलची नळी हातात धरवत नाही, म्हणून वर सावली करा किंवा लाकडी मूठ बसवा.

जुन्या दगडाला थेट सिमेंट लावू नका. त्यातले क्षार दगडात शिरतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. भिंतीपासून सुटा, काढता येणारा लोखंडी किंवा लाकडी रॅम्प ठेवा. वास्तू संरक्षित आहे का हे आधी पुरातत्त्व खात्याकडे तपासा, परवानगी लेखी घ्या. केंद्रसंरक्षित वास्तू असेल तर 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण असतं.

पांढरीकाठी :
समाधीकडे वाळूत चाकं रुततात, पावसाळ्यात पाणी असतं. तिथवर रस्ता नेण्याचा हट्ट नको. काठावर पक्कं, सपाट दर्शनस्थळ करा. कठडा भरीव भिंतीचा नको, उभ्या गजांचा करा. खुर्चीत बसलेल्याची नजर साधारण 1.1 ते 1.2 मीटरवर असते, भरीव कठड्यामागून त्याला फक्त सिमेंट दिसतं. महाराजांच्या यात्रेतला वैशाख शुद्ध एकादशीचा रथ आणि पौर्णिमेची पालखी या दिवसांत दुकानं मार्ग व्यापतात, तेव्हाचा पर्यायी नकाशा आधीच छापून ठेवा.

अंधांसाठी 300 मिमीच्या स्पर्शफरश्या : लांब रेघांच्या म्हणजे पुढे चला, उठावदार ठिपक्यांच्या म्हणजे थांबा, पुढे पायरी किंवा वळण आहे. ठेकेदार बरेचदा दोन्ही अदलाबदल करून बसवतात, नाहीतर रेघ थेट खांबावर नेतात. बसवताना जवळ उभं राहा.

फलक मॅट हवा, चकाकणाऱ्या काचेवर दुपारी काही दिसत नाही. गडद पार्श्वभूमीवर फिकी, जाड अक्षरं, एका फलकावर 60-70 शब्द. ब्रेल पट्टी 900 ते 1200 मिमी उंचीवर, थोडी तिरपी. क्यूआर कोडवर दीड मिनिटाचं ध्वनिमुद्रण ठेवा, मराठीत आणि अहिराणीतही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात अहिराणी ऐकायला मिळणं हेच बाहेरच्याला इथं खेचून आणेल.

मोजपट्टी :
बसायला दर 50 मीटरला सावलीतला बाक, शेजारी खुर्ची लावायला 900 मिमी मोकळी जागा. उन्हाळ्यात फेरी सकाळी 7 ला सुरू करून 10 च्या आत संपवा. मार्गाच्या मधोमध एक तरी सुगम स्वच्छतागृह हवं : आत 2.2 गुणिले 2 मीटर, दाराची मोकळी रुंदी 900 मिमी, दार बाहेर उघडणारं. त्याला कुलूप लावलं, तर किल्ली कुणाकडे आणि किती वाजेपर्यंत, हे नकाशावरच छापा.