ताहितीचे बीच सॉकरमधील यश पूर्ण मोलाचे मानावे की नाही?

सागरपंच (धागाकर्ता)
२०१३ च्या जून महिन्यात ब्राझीलमधील कॉन्फेडरेशन्स चषकात ताहितीचा फुटबॉल संघ नायजेरियाकडून ६-१, स्पेनकडून १०-० आणि उरुग्वेकडून ८-० असा हरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ताहितीच्याच बीच सॉकर संघाने पापीते येथे घरच्या वाळूवर अर्जेंटिनाला नमवून विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. पुढे २०१५ आणि २०१७ अशा सलग दोन विश्वचषकांत हा संघ अंतिम सामना खेळला. ताहिती हे ज्याचे मुख्य बेट आहे, त्या तीन लाखांहूनही कमी लोकवस्ती असलेल्या फ्रेंच पॉलिनेशियाची ही कामगिरी कोणत्याही जागतिक उपविजेतेपदाइतकीच मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे. तरीही तिचा उल्लेख नेहमी 'छोट्यांचे कौतुक' या सुरात होतो, आणि तो मला अन्यायकारक वाटतो.

आकडेमोड
मी सहमत नाही. ओशनियाच्या, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या फुटबॉल गटाच्या, वाट्याला विश्वचषकातील एक जागा येते आणि ती मिळवण्यासाठी सॉलोमन बेटे, वानुआतू अशा मोजक्याच संघांवर मात करावी लागते. युरोपातील संघांना मात्र पोर्तुगाल, स्पेन, इटली यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. शिवाय बहुतेक मोठ्या फुटबॉल देशांचे लक्ष, पैसा आणि उत्तम खेळाडू गवतावरच असतात. ज्या खेळात स्पर्धकच कमी आहेत, त्यातील दुसऱ्या क्रमांकाला पूर्ण मोल कसे द्यायचे?

मधली फळी
पात्रता सोपी होती हे मान्य केले, तरी पात्रतेच्या बळावर कोणी अंतिम सामन्यात पोहोचत नाही. २०१५ मध्ये पोर्तुगालमधील एस्पिन्यो येथे ताहितीने उपांत्य फेरीत इटलीला, तर २०१७ मध्ये बहामाजमध्ये इराणला पेनल्टीवर हरवले. हे दोन्ही संघ या खेळातले मातब्बर आहेत.

हा खेळ म्हणजे वाळूवर आणलेले फुटबॉल, असे मानणेही मुळात चुकीचे आहे. प्रत्येकी पाच खेळाडू, अनवाणी, बारा मिनिटांचे तीन भाग, खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा, एवढे नियम सर्वांना ठाऊक असतात. पण वाळूवर चेंडू सरळ घरंगळत नाही, त्यामुळे तो बोटांनी किंचित वर उचलून हवेतच खेळवावा लागतो. गोलरक्षक हाताने थेट आघाडीच्या खेळाडूकडे चेंडू फेकतो, तो खेळाडू गोलाकडे पाठ असतानाच छातीवर चेंडू झेलतो आणि चेंडू खाली पडण्याच्या आत अंग मागे झोकून देऊन बायसिकल किक मारतो. फ्री किकच्या वेळी बचावाची भिंत उभी करता येत नाही, म्हणून स्वतःच्या अर्ध्या भागातली एक चूकसुद्धा गोल ठरू शकते. गवतावरच्या फुटबॉलमध्ये उत्तम असलेल्या खेळाडूलाही हे सारे नव्याने शिकावे लागते, आणि ताहितीच्या खेळाडूंनी ते इतके आत्मसात केले की २०१५ च्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा 'गोल्डन बॉल' हेइमानू ताइआरुई याला मिळाला.

आकडेमोड
कौशल्य मी नाकारलेले नाही, माझा आक्षेप स्पर्धेच्या खोलीवर आहे. १९९५ ते २००४ या काळातील दहा जागतिक स्पर्धांपैकी नऊ ब्राझीलने जिंकल्या आणि २००१ ची एकच पोर्तुगालकडे गेली. इतकी एकतर्फी सत्ता जिथे चालते, तिथे बाकीचे देश पुरेसे गंभीर नाहीत, असाच अर्थ निघतो.

सागरपंच
तो काळ मागे पडला आहे. फिफाच्या छत्राखाली २००५ मध्ये कोपाकबाना किनाऱ्यावर झालेला पहिलाच विश्वचषक फ्रान्सने जिंकला आणि तेव्हा माजी फुटबॉलपटू एरिक कॅन्टोना त्या संघाचे प्रशिक्षक होते. पुढे २०११ व २०१३ मध्ये रशिया, तर २०१५ व २०१९ मध्ये पोर्तुगाल विजेता ठरला. त्याच फ्रान्सला २००८ नंतर विश्वचषकात जागा मिळवता आलेली नाही. फ्रान्सच्या सत्तेखालील बेटांचा संघ मात्र २०११ मध्ये रावेन्ना येथे पहिल्यांदा उतरल्यापासून ओशनियाचे प्रतिनिधित्व करत आहे.

आकडेमोड
फ्रान्स मागे पडला, कारण त्याने या खेळाकडे पाठ फिरवली. यातून माझेच म्हणणे सिद्ध होते.

कोलवाकाठ
गोव्यात राहणाऱ्या माणसाला हा शेवटचा मुद्दा पटण्यासारखा नाही. आमच्याकडे फुटबॉलही आहे आणि किनाराही आहे, पण २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बीच फुटबॉलचे सुवर्ण केरळने नेले आणि यजमान गोव्याला रौप्यावर समाधान मानावे लागले. समुद्र आणि चेंडू असला की संघ आपोआप घडतो, असे नाही. इतरांनी दुर्लक्ष केले, ही काही ताहितीने केलेली लबाडी नव्हे. ज्याने मेहनत घेतली, त्याच्या पदकातून इतरांच्या आळसाची वजावट का करायची?

आकडेमोड
वजावट न करता विचारतो. दोन अंतिम सामन्यांपैकी एक ५-३ आणि दुसरा ६-० असा गमावला, आणि २०१७ नंतर हा संघ अंतिम फेरीत दिसलेला नाही. तो काळ एकाच पिढीचा बहर होता, असे का म्हणू नये?

सागरपंच
बहर म्हणायला माझी हरकत नाही, कारण बहर आला म्हणून यश खोटे ठरत नाही. ब्राझीलविरुद्धचा ६-० हा पराभव निर्विवाद होता. पण एस्पिन्योतला सामना पोर्तुगालच्या घरच्या वाळूवर, यजमानांच्या प्रेक्षकांसमोर झाला आणि तो केवळ दोन गोलांनी गेला. म्हणूनच मी पापीतेच्या उपांत्य फेरीपेक्षा २०१५ चे उपविजेतेपद कितीतरी वरचे मानतो.