शब्दचर्चा : तारांकित, अतारांकित आणि 'प्रश्न उद्भवत नाही'

विचारणा

आमच्या तालुक्यातल्या एका रखडलेल्या पाणीपुरवठा योजनेवर आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला होता. त्याची छापील प्रश्नोत्तरं परवा हाती आली. प्रश्न चांगला अर्धं पान भरून आणि उत्तर एवढंच : "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रकरणी चौकशी सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही." वर लिहिलंय 'अतारांकित'.

अतारांकित म्हणजे कमी महत्त्वाचा का? बातम्यांत ज्याला 'लेखी प्रश्न' म्हणतात तो हाच का? आणि 'प्रश्न उद्भवत नाही' हे उत्तर आहे की उर्मटपणा?

प्रतिसाद

व्युत्पत्ती सोपी आहे. तारा + अंकित, म्हणजे ज्याच्यावर ताऱ्याची खूण केली आहे असा. सदस्य आपल्या प्रश्नाच्या लेखी सूचनेवर फुलीसारखी चांदणी काढून सांगतो की मला याचं उत्तर सभागृहात तोंडी हवं आहे. चांदणी नसेल तो अतारांकित, त्याचं उत्तर लेखी मिळतं. महत्त्वाशी या ताऱ्याचा संबंध नाही. पंचतारांकित हॉटेलांमुळे आपला गोंधळ होतो, जास्त तारे म्हणजे जास्त भारी! आणि 'अंकित'मधला 'कि' ऱ्हस्व. 'तारांकीत' हे रूप सरकारी परिपत्रकांतसुद्धा सर्रास दिसतं, तरी ते चूकच.

प्रतिसाद

'लेखी प्रश्न' हा शब्द मला खटकतो. प्रश्न सगळेच लेखी असतात हो. तारांकित प्रश्नाचीही आधी लेखी सूचनाच द्यावी लागते, लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवस आधी. लेखी असतं ते उत्तर. त्यामुळे 'लेखी उत्तराचा प्रश्न' म्हणा, नाहीतर सरळ 'अतारांकित'.

त्यातही गंमत अशी की लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात आणि तासाभरात त्यातले थोडेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरं शेवटी लेखीच मिळतात. २७ नोव्हेंबर २०१९ ला वीसच्या वीस प्रश्न पुकारून झाले तर त्याची बातमी झाली, कारण असं १९७२ नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. याउलट अतारांकित प्रश्न रोज २३० पर्यंत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये करोनामुळे संसदेत प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, तेव्हा चालू राहिले ते अतारांकितच.

प्रतिसाद

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, बरीच वर्षं. विभाग कोणता ते सोडा. मूळ विचारणेतलं उत्तर वाचून हसू आलं, कारण असली उत्तरं मी स्वतः तयार केली आहेत. ताई, ते उर्मटपणाचं नाही. पण निरागसही नाही.

आपल्या विधिमंडळात प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. सुरुवात "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी, आणि पुढे साधारण हे :

"(१) अमुक तालुक्यातील पाणीपुरवठा योजनेचे काम अपूर्ण असताना ठेकेदारास मार्च महिन्यात संपूर्ण देयक अदा करण्यात आल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) असल्यास, त्यानुसार संबंधितांविरुद्ध कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

(नमुना माझा, साचा खरा.)

आता पहिला भाग उत्तर लिहिणाऱ्याच्या नजरेनं वाचा. एका वाक्यात किती विधानं आहेत? काम अपूर्ण होतं. देयक संपूर्ण दिलं. ते मार्चमध्ये दिलं. आणि हे सगळं 'निदर्शनास आलं'. यातलं एक जरी चुकलं, समजा देयक एप्रिलमध्ये निघालं, तर "हे खरे नाही" असं लिहायला कार्यासन (म्हणजे उत्तर तयार करणारी विभागातली शाखा) मोकळं. खोटंही बोललं नाही आणि सांगितलंही काही नाही. त्यातून 'निदर्शनास आल्याचे' हा शब्द तर आयतीच पळवाट. घटना घडलीच नाही असं म्हणायचं कारण नाही, निदर्शनास आली नाही एवढंच म्हणायचं.

मग पुढचे भाग 'असल्यास'ला टांगलेले. पहिला नाकारला की दुसरा आणि तिसरा आपोआप गळतात, कारण 'असल्यास'ची अट पुरी होत नाही. 'प्रश्न उद्भवत नाही' याचा अर्थ एवढाच : ज्या गृहीतकावर हा उपभाग उभा होता तेच आम्ही मान्य केलेलं नाही. हिंदीत याच जागी 'प्रश्न नहीं उठता' असतं. चौथ्या भागाची तऱ्हा थोडी वेगळी. चौकशी सुरू आहे म्हटल्यावर विलंब झालाच नाही, आणि विलंब नाही तर कारणं कुठून आणायची! तुमच्या योजनेला किती वर्षं झाली हा हिशेब तिथे धरतच नाहीत.

तुमच्या उत्तरात खरी कामाची गोष्ट आहे ती 'अंशतः'. पूर्ण नाकारणं सोपं असताना विभागानं 'अंशतः' लिहिलं, म्हणजे काहीतरी नाकारता येत नव्हतं. कोणता अंश खरा ते लिहायला हवं होतं, ते लिहिलेलं नाही. तुमच्या आमदारांनी पुढचा प्रश्न तिथेच विचारायचा.

आणि विचारताना 'हे खरे आहे काय' सोडून द्यायचं. किती, केव्हा, कोणी, असं विचारायचं. आजपर्यंत ठेकेदाराला किती रक्कम कोणकोणत्या तारखांना दिली? मोजमाप पुस्तिकेत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याची सही आहे? असल्या प्रश्नाला 'हे खरे नाही' असं उत्तर बसतच नाही. असा अतारांकित प्रश्न आला की कार्यासनाला घाम फुटायचा. तारांकित आला तर सगळे धावायचे, कारण मंत्र्यांना उभं राहायचं असतं आणि उपप्रश्न कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून सोबत जाडजूड टिपणी द्यावी लागते. पण सभागृहातल्या गोंधळात तो निभावूनही नेता येतो. तारखा आणि आकडे एकदा छापले गेले की निभावून नेता येत नाहीत.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून : हे सगळं वाचून राग येतो. सामान्य माणसाला 'हे खरे नाही' याचा एकच अर्थ कळतो. त्यात एप्रिल-मार्चचा खेळ करायचा असेल तर याला भाषा म्हणायची की लपंडाव?

प्रतिसाद (माजी कक्ष अधिकारी)

राग रास्त आहे. मी समर्थन करत नाही, वाचायचं कसं ते सांगतोय. मात्र एक बाजू लक्षात घ्या. उत्तर मंत्र्यांच्या नावावर जातं. जाणूनबुजून दिशाभूल केली असं ठरलं तर हक्कभंगाचा विषय होतो, आणि चूक कळली तर दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. म्हणून खालपासून वरपर्यंत प्रत्येक जण कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त सुरक्षित उत्तर शोधतो. उत्तर तोकडं असतं ते या भीतीपोटी. दर वेळी काही लपवायचंच असतं असं नाही.

प्रतिसाद

पत्रकार म्हणून भर घालते. "चौकशी सुरू आहे" हे वाचलं की मी चौकशीच्या आदेशाची तारीख शोधते. पुष्कळदा तो आदेश प्रश्न विभागात पोचल्यानंतरचा निघतो. प्रश्न आला, जिल्ह्याला फोन गेला, घाईघाईनं आदेश निघाला आणि मग उत्तरात 'सुरू आहे' लिहिता आलं. याला कुणी धूळफेक म्हणेल. मला वाटतं, प्रश्नाचं निम्मं काम इथेच झालेलं असतं. कपाटात पडलेली फाइल उत्तर छापून येण्याआधीच हललेली असते.

छापील याद्यांत "तारांकित प्रश्न क्रमांक अमुक ला दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तराच्या संदर्भात" अशी सुरुवात दिसली तर तो प्रश्न जरूर वाचा. म्हणजे कुणीतरी जुनं उत्तर जपून ठेवून पुन्हा दार ठोठावलंय. असे सदस्य थोडे असतात, आणि विभागात त्यांची नावं पाठ असतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण संसदेतलं. ४ सप्टेंबर १९५७ ला राम सुभग सिंह यांनी लोकसभेत विचारलं, की आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपनीत पैसे गुंतवले आहेत का. सरकारकडून मोघम उत्तर आलं. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी तोच धागा पकडून कागदपत्रांनिशी चर्चा उभी केली. न्यायमूर्ती छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, मुंबईत उघड सुनावणी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं. विचारणारे दोघेही सत्ताधारी पक्षाचेच होते, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. आणि प्रश्नाला किंमत आली की बाजारही येतो. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली, ते याच व्यवस्थेतलं.

प्रतिसाद

वर साच्यात 'खुलासा करतील काय' आलंय, त्यावर थोडं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सार, निष्कर्ष. मराठीत तो 'स्पष्टीकरण' या अर्थानं रुळला. कार्यालयात 'खुलासा मागवला' म्हणजे कर्मचाऱ्याला लेखी कारण द्यायला सांगितलं. हिंदी वाहिन्यांमुळे आता 'धक्कादायक खुलासा' म्हणजे गौप्यस्फोट असा अर्थ शिरलाय. विधिमंडळाच्या साच्यात मात्र जुनाच अर्थ टिकून आहे. मंत्र्यांनी गौप्यस्फोट करावा अशी अपेक्षा तिथे कुणीच करत नाही!

विचारणा (मूळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. आमदारांच्या कार्यालयात ही चर्चा दाखवणार आहे. आणखी दोन शंका. प्रश्नात थोडं खडसावून लिहिलं तर चालतं का? आणि 'बाब विचाराधीन आहे' म्हणजे काय समजायचं?

प्रतिसाद

खडसावणं चालत नाही. लोकसभेच्या नियमांत स्पष्ट आहे, की प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं नकोत. मत विचारायचं नाही, काल्पनिक 'समजा'वर विचारायचं नाही, सहज मिळणाऱ्या कागदपत्रांतली माहिती मागायची नाही. शब्दमर्यादा साधारण १५०. 'भ्रष्ट ठेकेदार' लिहिलंत तर 'भ्रष्ट' तरी कापलं जाईल किंवा प्रश्नच नाकारला जाईल. आपल्या विधानसभेची नियमावली वेगळी छापलेली आहे, ती आमदारांकडे असतेच. तिथला पोतही असाच आहे.

प्रतिसाद (माजी कक्ष अधिकारी)

'विचाराधीन' बद्दल सांगतो. ऐकायला ते टोलवाटोलवीचं वाटतं, पण संसदीय व्यवहारात त्याला वजन आहे. 'विचाराधीन आहे', 'माहिती मिळवून पटलावर ठेवण्यात येईल', 'तपासून पाहू' असल्या शब्दप्रयोगांची यादीच केलेली आहे. मंत्री तसं बोलले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जाऊ शकतं. लोकसभेत आश्वासन समिती १९५३ पासून आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं अशी अपेक्षा असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तिच्यापुढे सचिवांना हजर राहून सांगावं लागतं की अमुक साली दिलेल्या शब्दाचं काय झालं. म्हणून मुरलेला अधिकारी मसुद्यातलं 'विचाराधीन' आधी खोडतो. 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलं तर निदान सांगता येतं की सुरू होती.

तुमच्या उत्तरात 'विचाराधीन' नाही, 'चौकशी सुरू आहे' आहे. तेव्हा पुढच्या अधिवेशनाच्या सूचनेत आधीच्या प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराची तारीख घालून तीनच गोष्टी विचारायला सांगा : चौकशी अधिकारी कोणत्या हुद्द्याचा, आदेश कोणत्या तारखेचा, अहवाल कोणत्या तारखेला सादर झाला. 'असल्यास' कुठेही लिहू नका.

प्रतिसाद

आणि 'पटलावर ठेवणे' राहिलंच. पटल म्हणजे सभागृहातलं मधलं टेबल. कागद तिथे ठेवला की तो सभागृहाच्या दप्तरी दाखल झाला. काही बातम्यांत 'पटलावर मांडला' येतं. कागद ठेवतात, ठराव मांडतात.