मदत हवी आहे : भाचीला सातवा लागलाय, सोलापुरात कुणाकडे जाऊ?

घरकुलची मावशी
बहिणीची मुलगी माझ्याकडं आणून ठेवलीय, विडी घरकुलात. काल एका दवाखान्यात नेलं. आधार कार्ड बघून 'पोलिसांना कळवावं लागेल' म्हणाले. भीतीनं तसंच उठून आलो. तिला ठेवून घेणारी, बाळंतपण करणारी, पुढं शिकवणारी संस्था हवी. दहावी राहिलीय, हुशार आहे पोर. लवकर सांगा.

जुळे सोलापूरकर
वय किती? लग्न झालंय का?

नानाकाका
मातृवंदना योजनेचा फॉर्म भरा. पहिल्या बाळाला ५००० रुपये. आमच्या सुनेला मिळाले.

जुळे सोलापूरकर
काका, अठराच्या आतल्या मुलीला ते मिळत नाहीत.

घरकुलची मावशी
सोळा पूर्ण. गावाकडं लग्न लावून दिलं, मला विचारलंही नाही. नवरा पुण्याला कामाला, फोन उचलत नाही. पैशाचं नको, जागेचं सांगा.

तात्या_अक्कलकोट
पोलिसांत गेलात की नवऱ्याबरोबर बहीण-दाजीही अडकतील. लांबच्या नातेवाइकाकडं ठेवा. नाहीतर मोकळं करून घ्या.

सविता_वकील
तात्या, सातव्या महिन्यात कसलं मोकळं करणं? अल्पवयीन मुलीसाठीही मुदत २४ आठवड्यांची. आणि दवाखान्याचं चुकलं नाही, पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवरा असला तरी सूट नाही. पण मावशी, मुलगी आरोपी नाही. १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावा. बालकल्याण समिती तिच्या राहण्याची सोय करते. वकीलही फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून.

तात्या_अक्कलकोट
कागदावर सगळं छान असतं. बहिणीचं घर मोडलं तर समिती येणार का?

मास्तर
दहावीचं अवघड नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. माझ्या दोन विद्यार्थिनी बाळ झाल्यावर बसल्या, पास झाल्या. शाळा सोडल्याचा दाखला आहे का?

प्रसूती_सिस्टर
दाखला राहू द्या. मावशी, हिमोग्लोबिन किती? बीपी कुणी बघितलं का? पाय सुजलेत?

नानाकाका
डिंकाचे लाडू द्या, रक्त वाढतं.

घरकुलची मावशी
तपासायच्या आधीच उठून आलो ना. पाय सुजतात. परवापासून डोकं दुखतंय म्हणतीय, डोळ्यापुढं अंधारी येते. विड्या वळायला बसते माझ्याबरोबर, त्यानं असेल.

प्रसूती_सिस्टर
त्यानं नाही. बीपी वाढल्याची लक्षणं आहेत ही, कोवळ्या वयात जास्त दिसतात. झटके येऊ शकतात. सकाळची वाट बघू नका, आत्ता सिव्हिलला न्या. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, सगळं मोफत आहे.

मास्तर
दाखला मी काढून देईन, ते माझ्याकडं लागलं.

घरकुलची मावशी
गाडी येतीय. केसपेपरवर वय अठरा सांगू का?

सविता_वकील
नका. सोळाच सांगा. पुढची सगळी मदत त्या कागदावर मिळणार आहे.

प्रसूती_सिस्टर
डाव्या कुशीवर झोपवून न्या. पोचलात की इथं लिहा, मी जागी आहे.